भेग नवी की जुनी, कोर्टाला कसं कळणार?

प्रश्न: आमचं दुमजली घर चाळीसेक वर्षांचं आहे. शेजारचा बंगला पाडून बिल्डरने बेसमेंटसाठी खोल खोदकाम सुरू केलंय आणि गेल्या महिन्यापासून आमच्या जिन्याच्या भिंतीला आणि वरच्या बेडरूमला भेगा दिसायला लागल्यात. साईटवर सांगितलं तर तिथला माणूस म्हणतो, काका, घर जुनं आहे, भेगा आधीपासूनच असतील. पोलिसांकडे गेलो तर सिव्हिल मॅटर आहे म्हणून परत पाठवलं. सरकारी पंचनामा कुणाकडून करून घ्यायचा? पुतण्या म्हणतो फोटो काढून नोटरीचा शिक्का मारून घ्या, तेवढं पुरेल का?

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्या साईटवरच्या माणसाचं आहे. उद्या कोर्टात त्यांचा वकीलही हेच म्हणणार, भेगा जुन्याच आहेत, आणि भेगा नव्या आहेत आणि खोदकामामुळे पडल्यात हे सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर आहे, त्यांच्या नाही. त्यामुळे भेग आहे हे दाखवून भागत नाही, ती कधी नव्हती आणि कधीपासून वाढतेय हे दाखवावं लागतं.

आता सरकारी पंचनामा. आपण हा शब्द फार सैल वापरतो. तलाठी येतो तो अतिवृष्टी, पूर असल्या नुकसानीच्या मदतीसाठी, पोलीस करतात तो गुन्ह्याच्या तपासासाठी. खाजगी भांडणात तुम्ही बोलावलं, त्याने येऊन घर पाहिलं आणि त्याचा कागद थेट पुरावा म्हणून चालला असा अधिकारी आपल्याकडे नाहीच. फ्रान्समध्ये आहे, आधी त्याला ह्युसिए म्हणायचे, 1 जुलै 2022 पासून कोमिसेर द जुस्तीस म्हणतात, तो येऊन जे दिसलं ते लिहितो आणि दिवाणी दाव्यात ते खोटं ठरेपर्यंत खरं धरलं जातं. आपल्याला मात्र हे तुकड्यातुकड्याने उभं करावं लागतं.

नोटरीचं म्हणाल तर पुतण्याला सांगा, शिक्क्याने एवढंच कळतं की अमुक तारखेला तुम्ही हा कागद त्याच्यासमोर ठेवला किंवा त्यावर सही केली. तो काही तुमचा जिना चढून भिंत बघायला आलेला नसतो. तारखेपुरता थोडा उपयोग होईल, बाकी नाही.

पहिलं काम, चांगला स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा. आणि ठरवायच्या आधीच त्याला विचारा, साक्षीला याल का? कारण रिपोर्ट नुसता फाईलला लावून चालत नाही, समोरच्याने तो मान्य केला नाही तर इंजिनिअरला पिंजऱ्यात उभं राहून उलटतपासणी द्यावी लागते, आणि रिपोर्ट देणारे पुष्कळ भेटतात, कोर्टात येणारे कमी. रिपोर्टमध्ये "घराला तडे गेले आहेत" असलं मोघम काही नको. खोलीवार पाहिजे, म्हणजे वरची बेडरूम, उत्तरेकडची भिंत, खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग, लांबी अमुक, रुंदी अमुक मिलिमीटर, प्लॅस्टरपुरती की विटांपर्यंत गेलेली. जिथे भेग नाही त्या भिंतींचीही नोंद करून घ्या, कारण उद्या तिथे भेग पडली तर हाच कागद "आधी नव्हती" म्हणून बोलेल. आणि जुन्या भेगा असतील तर त्या जुन्या म्हणूनच लिहू द्या. लोकांना वाटतं सगळंच बिल्डरच्या खात्यावर टाकावं, पण त्यातली एक भेग जुनी निघाली की बाकीच्या दहांवरचाही विश्वास उडतो.

इंजिनिअरला भेगांवर टेलटेल लावायला सांगा. साधी काचेची पट्टी भेगेवर आडवी चिकटवतात आणि तारीख टाकतात, भेग हलली की काच तडकते. किंवा मोजपट्टी असलेले प्लास्टिकचे गेज येतात, त्यावर दर आठवड्याला आकडा वाचून वहीत लिहायचा. खोदकाम चालू असताना आकडा वाढतोय आणि काम थांबलं की स्थिर होतोय अशी नोंद हाताशी असेल तर "घर जुनं आहे" हे उत्तर फार लंगडं पडतं, घर तर काम थांबल्यावरही तेवढंच जुनं असतं ना.

पाहणीच्या आधी बिल्डरला लेखी कळवा, अमुक तारखेला अमुक वाजता पाहणी आहे, तुमचा इंजिनिअर पाठवा. स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवा, ईमेलही करा. आले तर त्यांच्यासमोर मोजमाप होईल, नाही आले तर "कळवूनही आले नाहीत" असं रिपोर्टमध्ये लिहिलं जाईल. दोन्हीकडून फायदा तुमचाच. पाठीमागून गुपचूप केलेल्या पाहणीपेक्षा बोलावून केलेल्या पाहणीचं वजन कितीतरी जास्त असतं.

महापालिकेच्या बांधकाम विभागालाही तक्रार द्या, लेखी आणि इनवर्ड नंबरसकट. त्यांचा माणूस येऊन पाहून गेला तर त्याच्या पाहणीच्या नोंदीची प्रत माहिती अधिकारात मागता येते, उत्तराची मुदत 30 दिवस. जाता जाता, महापालिका हद्दीत 30 वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी सर्टिफिकेट लागतं. तुमचं झालेलं असेल तर आधीच्या अवस्थेचा यापेक्षा चांगला कागद दुसरा नाही. नसेल झालं तर तोच मुद्दा तुमच्यावर उलटेल, त्याची तयारी ठेवा. घरावर कधी कर्ज काढलं असेल तर बँकेच्या व्हॅल्युएशन रिपोर्टमध्ये घराचं वर्णन असतं, तेही शोधा. आणि घरातले जुने फोटो काढा, वाढदिवस, बारसं, काहीही. माणसं बघू नका, मागची भिंत बघा.

आता कोर्ट. दिवाणी प्रक्रिया संहिता, म्हणजे 1908 च्या सीपीसीत, ऑर्डर 26 नियम 9 खाली कोर्ट कमिशनर नेमायची सोय आहे. बहुतेकदा वकील असतो, गरजेप्रमाणे इंजिनिअर. तो कोर्टाच्या वतीने जागेवर येतो, दोन्ही बाजूंना आधी कळवतो, आणि समोरचा मुद्दाम नाही आला तरी त्याच्याशिवाय पाहणी करू शकतो. त्याचा रिपोर्ट नियम 10 प्रमाणे दाव्यात पुरावा म्हणून धरला जातो, हवं तर त्यालाही कोर्टात प्रश्न विचारता येतात. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, यासाठी दावा दाखल असावा लागतो, नुसत्या अर्जावर घरी कमिशनर येत नाही. दोन, तुमचा पुरावा गोळा करून द्यायला कमिशनर नसतो. हाताशी काहीच नसताना "येऊन बघा" म्हटलं तर कोर्ट बहुतेक वेळा अर्ज फेटाळतं. म्हणून इंजिनिअरचा रिपोर्ट आधी, दावा आणि मनाईचा, म्हणजे खोदकाम थांबवण्याचा, अर्ज नंतर, त्यासोबत कमिशनरचा अर्ज. भेगा रोज वाढतायत, उशीर झाला तर बघण्यासारखंच काही उरणार नाही अशी स्थिती असेल तर ऑर्डर 39 नियम 7 आणि 8 खाली समोरच्याला नोटीस न देताही पाहणीचा हुकूम मागता येतो.

अर्जात कमिशनरने काय काय बघायचं ते मुद्दे लिहून द्या. नाहीतर तो येतो, चहा घेतो, "भिंतींना तडे दिसून आले" लिहितो आणि जातो. खोदकामाची खोली, तुमच्या भिंतीपासूनचं अंतर, तिथे माती अडवायला काही आधार लावलाय का, हे सगळं मागा. भेगा कशामुळे पडल्या हे मात्र तो सांगणार नाही, तो जे दिसलं तेच लिहितो, कारण सांगणं इंजिनिअरचं काम.

आणि तोपर्यंत कृपा करून भेगा भरू नका. माझ्या एका अशिलाने कमिशनर येणार म्हणून, पाहुणे यायचेत तसं, दोन दिवस आधी पुट्टी मारून रंग लावला. घर छान दिसलं. कमिशनरने तसं लिहिलंही. धोका असेल, भिंत कोसळायची भीती असेल तर अर्थातच टेकू लावा, पण आधी फोटो आणि मोजमाप, मग टेकू.

प्रश्न: मोबाईलवर काढलेले फोटो कोर्टात चालतात का? मी सगळे व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवून ठेवलेत, फोन जुना झाल्यामुळे विकणार आहे.

उत्तर: फोन विकू नका! व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कधी, कुठल्या कॅमेऱ्याने काढला ही आतली माहिती निघून जाते. मूळ फाईल मूळ फोनमध्येच राहू द्या आणि वेगळी कॉपी हार्डडिस्कवर ठेवा. प्रिंट किंवा पेन ड्राईव्ह कोर्टात द्यायचा तर सोबत सर्टिफिकेट लागतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्याच्या कलम 63 मध्ये हे आहे, आधी पुरावा कायद्यात 65ब होतं. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे त्या फाईलचा बोटाचा ठसा समजा. हे सर्टिफिकेट सक्तीचं आहे हे सुप्रीम कोर्टाने 2020 साली अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणुकीच्या केसमध्ये स्पष्ट केलं, तेव्हा 65ब होतं, आणि त्याच निकालात असंही म्हटलं की मूळ फोन मालकाने स्वतः कोर्टात हजर केला, साक्ष दिली, तर सर्टिफिकेट लागत नाही. म्हणून म्हणतोय विकू नका.

काढतानाही एक शिस्त ठेवा, आधी अख्खी भिंत, मग अर्ध्या अंतरावरून, मग जवळून पट्टी लावून. नुसता भेगेचा क्लोजअप जगातल्या कुठल्याही भिंतीचा असू शकतो.

प्रश्न: भाड्याचा फ्लॅट सोडतेय, मालक भिंती खराब केल्या म्हणून डिपॉझिट अडवतायत. ताबा घेताना काहीच लिहून घेतलं नव्हतं.

उत्तर: ताई, आधी करारनामा बघा, त्यात फर्निचर-फिटिंग्जची यादी किंवा "सुस्थितीत" असा शब्द आहे का. रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्ट्यासाठी तसं स्पष्ट आहे, तुमचा लीव्ह अँड लायसन्स असला तरी तोच धागा धरून बोलता येतं. राहायला आलात त्या दिवसाचे फोटो, मालकांना तेव्हा पाठवलेले "नळ गळतोय, भिंतीला ओल आहे" असे मेसेज असतील तर तुमची अर्धी लढाई तिथेच. ते चॅट डिलीट करू नका. आणि किल्ल्या द्यायच्या आधी मालकांना मेसेज करून वेळ ठरवा, सोबत फिरून खोलीवार लिहा, दोघांनी सह्या करा. ते सही करत नसतील तर ओळखीच्या दोघांना घेऊन जा आणि दारातून आत शिरल्यापासून किल्ली देईपर्यंत एकच सलग व्हिडिओ करा, मध्ये कट नको. मीटरचं रीडिंग पण त्यात येऊ द्या.