तारतम्य: इथे तार नाही आणि ताराही नाही

विचारणा अशी आहे: 'तारतम्य' हा शब्द 'तार'वरून आला का, आणि 'विवेक' असताना तो वेगळा कशाला हवा?

तारेचा काही संबंध नाही. 'तर' आणि 'तम' हे संस्कृतातले दोन प्रत्यय: लघु (लहान), लघुतर (त्याहून लहान), लघुतम (सगळ्यात लहान). हे दोन प्रत्यय एकत्र बांधून 'तरतम' झालं, आणि मधुरचं माधुर्य होतं तसं तरतमचं तारतम्य. म्हणजे नुसत्या शेपटांचा बनलेला शब्द, धड नाहीच. तो कशाला चिकटवायचा, हे प्रसंग ठरवतो.

'विवेक'च्या पोटात 'विच्' हा धातू आहे, अर्थ वेगळं करणं, धान्यातला कोंडा पाखडून काढणं. सुपात दोनच जाती असतात: दाणा आणि फोल. खरं-खोटं, नित्य-अनित्य असं निवडायचं असेल तर विवेक पुरतो. पण निवडून झाल्यावर सुपात सगळे दाणेच उरले, तर?

आमच्या गल्लीतले एक काका कधी खोटं बोलत नाहीत. एका घरी समाचाराला गेले आणि गेलेल्या माणसाच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, छातीत दुखायला लागलं तेव्हाच दवाखान्यात न्यायला हवं होतं." ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. परतताना आई पुटपुटली, "ह्यांना तारतम्य म्हणून नाही!" काका खोटं बोलले असं ती म्हणाली नाही. वाक्य खरंच होतं. पण त्या दिवशी त्या घरात खरेपणा जड की बाईचं दुःख, हे त्यांना तोलता आलं नाही. सहा महिन्यांनी तिच्या मुलाच्या छातीत कळ आली असती, तर तेच वाक्य बोलणं काकांचं कर्तव्य ठरलं असतं.

अ‍ॅरिस्टॉटल रागाबद्दल हेच सांगतो: रागावणं कुणालाही जमतं, योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य तेवढं रागावणं अवघड. आणि 'तेवढं' म्हणजे मोजून मधोमध नव्हे. दहा माप अन्न फार, दोन कमी, म्हणून सहा सगळ्यांना बरोबर असं होत नाही. मिलो पैलवानाला सहा अपुरं, नवशिक्याला जास्त. याला मराठीत मला तारतम्याहून जवळचा शब्द सापडत नाही.

मध्वाचार्यांच्या द्वैतमतात (जीव आणि ईश्वर वेगळे मानणाऱ्या वेदान्तात) तारतम्य म्हणजे जीवांच्या आणि देवांच्याही चढत्या पायऱ्या. रोजच्या मराठीत मात्र तो पायऱ्या ओळखण्याच्या अकलेचा शब्द झाला. सोबतची क्रियापदंही बघा. विवेक जागा होतो, सुटतो. तारतम्य आपोआप जागं होत नाही, ते बाळगावं लागतं, ठेवावं लागतं.

हिंदीत तारतम्य हा शब्द सलगता, जुळणी या अर्थी चालतो. त्याच वळणानं हल्ली आपल्याकडेही 'दोन विभागांत तारतम्य नाही' असं छापून येतं. तिथं सरळ 'मेळ नाही' लिहावं.