“उंची वाढली की आपोआप उतरेल ना?”

मुलाच्या वजनाचा विषय काढला की हा प्रश्न येतोच. कोथरूडमधल्या ज्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी समुपदेशनाला बसते, तिथे निव्वळ वजनासाठी मुलाला घेऊन येणारे पालक विरळाच. येतात ते ताप, खोकला, लस यासाठी. काट्यावरचा आकडा फाइलवर लिहिला जातो आणि तिथेच पडून राहतो.

ओजसही (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) खोकल्यासाठीच आला होता. वय ९, उंची १३६ सेंमी, वजन ४४ किलो. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, जवळपास २३.८. मोठ्या माणसाचा एवढा बीएमआय फारसा कुणी मनावर घेत नाही. मुलांचं गणित वेगळं, तो वयागणिक बदलतो. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वयासाठी काढलेल्या आलेखावर तो बघायचा. त्यात दोन रेषा आहेत: एक ओलांडली की जादा वजन, दुसरी ओलांडली की लठ्ठपणा. ओजस दुसरीच्याही बराच वर होता. डॉक्टरांनी फाइलीतले जुने आकडे मांडले, तर इयत्ता पहिलीत असल्यापासून चढण सुरूच.

“आमच्याकडे सगळे अंगापिंडाने असेच,” आजी म्हणाल्या. “आणि मानेवर मळ किती बसतो बघा. रोज बेसन-लिंबू लावून घासते, पण निघेल तर शपथ!” ओजसने कॉलर वर ओढून घेतली. मानेच्या वळ्यांत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली होती.

“आजी, हा मळ नाही. घासू नका, सोलवटेल,” डॉक्टर म्हणाले. शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासं झालं की अशी खूण उमटू शकते. घराण्यात मधुमेह असेल तर ती नजरेआड करू नये. ओजसच्या आजोबांना होता.

आईला थायरॉइडची शंका होती. एक गोळी सुरू केली की प्रश्न मिटेल, ही आशा मला समजते. पण थायरॉइड किंवा तशा ग्रंथीच्या आजारात उंचीही बहुधा खुंटते, आणि ओजस वर्गात मागच्या रांगेत उभा राहणारा. त्याच्या दंडाला बसेल असा पट्टा लावून बीपी घेतलं, ते ठीक. उपाशीपोटी शुगर ठीक, एसजीपीटी (यकृतासाठीची रक्ततपासणी) किंचित वर. यकृतावर चरबी साठायला लागली असेल, तर या वयातही असं दिसू शकतं.

आता मूळ प्रश्न. या वयात उंची वाढत असते, म्हणून बहुतेक मुलांना किलो उतरवायची घाई नसते. वजन आहे तिथे धरून ठेवलं तरी बीएमआय खाली येतो. पण वजनच उंचीच्या पुढे धावत असेल, तर आपोआप काय उतरणार?

ओजसला बाहेर बसवून मी मोठ्यांशी बोलले. त्याच्यादेखत ‘जाडू’ म्हणायचं नाही, हे सगळ्यांत आधी. मग दिवस उलगडला: सकाळी चॉकलेट पावडरचं दूध, वर साखर. शाळेतून आल्यावर मोबाइल बघत खारी, तीही हाताला लागतील तेवढी. क्लास, नऊनंतर जेवण, अकराला झोप. खेळ शाळेत पीटीचा तास असेल तेव्हाच.

वडील म्हणाले, “त्याला डाएट चार्ट लिहून द्या.” एका मुलाचा चार्ट मी लिहीत नाही. घरात खारीचा पुडा असताना नऊ वर्षांच्या पोराने काकडी खायची, हा कुठला न्याय? ठरलं ते घरासाठी: खारी आणायचीच नाही, दूध साधं, जेवताना टीव्ही-मोबाइल कुणाचाच नाही, जेवण आठला. तासभर खेळ; क्लासची वेळ त्यासाठी बदलली. झोप निदान नऊ तास. आजींचं तूप-गूळ-पोळीवर अडलं. ती रविवारी, एवढ्यावर त्या राजी झाल्या, पण माझ्याशी बोलणं तोडून.

सहा महिन्यांनी उंची १३९, वजन ४४.५, बीएमआय २३. अजून वरच्या रेषेच्या वरच, पण वळण खाली लागलंय. मान तशीच आहे. तिला वेळ लागतो. एसजीपीटी पुन्हा करायचं आहे. वडिलांनाही उपाशीपोटी शुगर करायला सांगितली होती, ती त्यांनी अजून केलेली नाही.