पगारातले दोनशे रुपये

या महिन्यात पत्रं आणि मेल मिळून ढीग जमलाय आणि निम्म्याहून जास्त लोकांना लाडकी बहीण या एकाच विषयावर बोलायचंय, त्यामुळे आरक्षणाचे आणि भाषेचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. दोन मेलमध्ये नुसत्या शिव्या आहेत. त्यापण वाचल्या, एक शिवी मला नवीन होती.

प्रश्न : मी आयटीत आहे. दर महिन्याला पगारातून एवढा टॅक्स कापला जातो आणि सरकार तो फुकट वाटतं, लाडकी बहीण काय, एसटीचं हाफ तिकीट काय. आम्ही कमवायचं आणि बाकीच्यांनी बसून खायचं? तुम्ही डावे लोक याचं समर्थन कसं करता? (एक वाचक, हिंजवडी)

उत्तर : आधी एक काम करा, सॅलरी स्लिप उघडा आणि कपातीच्या रकान्यात प्रोफेशनल टॅक्सची ओळ शोधा. दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. हा टॅक्स महाराष्ट्रात 1975 साली आला तो कशासाठी माहितीये? रोजगार हमीसाठी. म्हणजे शहरातल्या कमावत्या माणसाकडून थोडे घ्यायचे, सरकारने त्यात आपली भर घालायची आणि गावातला माणूस काम मागायला आला की त्याला काम द्यायचं. तुमच्या त्या दोनशे रुपयांचा जन्म असा आहे, आणि गंमत म्हणजे त्यावर कोणी रेवडी म्हणून ओरडत नाही कारण ती ओळ कोणी वाचतच नाही.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आत्या खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, दगड मांडीपुढे धरायचा आणि हातोडी मारत राहायचं, संध्याकाळी खडीचा ढीग मोजला जायचा. खायला सुकडी आणि ती अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, ती भाकरी घशाखाली उतरायची नाही असं आत्या मरेपर्यंत सांगायची. 1973च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती, विचार करा. तिथून रोजगार हमी मोठी झाली. वि. स. पागे आमच्याच सांगली जिल्ह्यातले, काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती, त्यांनी तासगाव तालुक्यात 1965 लाच याचा प्रयोग करून पाहिला होता. डाव्यांनी, समाजवाद्यांनी आणि शेकापने मोर्चे काढले, पण योजना डोक्यात आली ती एका काँग्रेसवाल्याच्या, हे सांगायला मला काही कमीपणा वाटत नाही. 1977 ला कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. पुढे 2005 मध्ये दिल्लीने जो देशभरचा कायदा केला, म्हणजे मनरेगा, त्याची आई ही.

या कायद्यातली खरी गंमत अशी की अंगठा उठवणारी बाईसुद्धा तहसीलदारासमोर उभी राहून म्हणू शकत होती की काम द्या नाहीतर बेकारभत्ता द्या. भत्ता दिवसाला एक रुपयापासून होता, हसू येईल असा, पण मागता येत होता. नाही मिळाला तर मोर्चा काढता येत होता, कोर्टात जाता येत होतं. मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, खोटी नावं घुसवणारे, अर्धी मजुरी खाणारे, सगळं झालं, मी काही सोन्याचा मुलामा देत नाहीये, पण त्या भानगडी बाहेर आल्या त्यासुद्धा मजुरांना विचारायचा अधिकार होता म्हणूनच.

आता लाडकी बहीण. जीआर, म्हणजे सरकारी आदेश, जून 2024 चा, निवडणूक नोव्हेंबरात, मधे राखीपौर्णिमेच्या मुहूर्तावर खात्यात महिन्याला पंधराशेच्या हिशोबाने पैसे. निवडणुकीत शब्द दिला एकवीसशेचा. योजना जीआरवर चालते, यामागे कायदा नाहीये, म्हणजे उद्या निकष बदलले आणि तुमचं नाव गळलं तर भांडणार कशाच्या जोरावर? आणि नाव बघा ना, लाडकी! बहिणीने ओवाळणीवरून भावाशी भांडायचं नसतं, ताटात पडेल ते घ्यायचं आणि गोड बोलायचं. माझा आक्षेप इथे आहे. पंधराशेवर नाही. पंधराशे बायकांनी जरूर घ्यावेत, ते कुणाच्या घरचे नाहीत.

राहिला तुमचा टॅक्स. इन्कम टॅक्स दिल्लीला जातो आणि त्यातला वाटा राज्यांना मिळतो, ते असो, पण जी बाई तुमच्या मते बसून खाते ती मोबाइलच्या रिचार्जवर 18 टक्के जीएसटी भरते, तुम्ही भरता तेवढाच. लाडकी बहीणसाठी सुरुवातीला वर्षाला 46 हजार कोटींचा अंदाज होता आणि तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्राने कंपन्यांचा मूळ कर 30 टक्क्यांवरून 22 वर आणला, नव्या कारखान्यांना तर 15, आणि त्यात वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचं उत्पन्न सोडावं लागेल असं त्याच दिवशी अर्थमंत्र्यांनी सांगितलं होतं. हा आकडा तुमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कितीजणांना माहितीये ते विचारून बघा आणि मला कळवा.

प्रश्न : दादा, लाडकी बहीण सुरू झाल्यापासून आमच्या मावशी पगार वाढवून मागतायत, खाडेही वाढलेत. आमच्या सोसायटीतल्या सगळ्याच जणी हे बोलतात. मी स्वतः नोकरी करते, लोकल पकडायची, मुलाचा डबा, सासूबाईंची औषधं, मलातरी कुठे परवडतं? मी शोषण करतेय का? खरं सांगा. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, पंधराशे रुपये म्हणजे दिवसाचे पन्नास. पन्नास रुपयात कोणी नखरे करू शकत नाही हो, पण एखाद्या घराला नाही म्हणायची हिंमत मात्र येऊ शकते, जिथे बाई टाकून बोलते किंवा लिफ्ट वापरू देत नाही ते घर सोडता येतं. मला तर ही त्या योजनेतली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, आणि सरकारच्या मनात ती होती का याबद्दल मला शंका आहे.

तुमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असेल, त्यावर दुधाचा हिशोब आणि मावशींचे खाडे एकाच पेनाने लिहिलेले असतील. माझ्याही घरी असायचे. आता त्याच कॅलेंडरकडे बघून सांगा, त्यांची हक्काची सुट्टी कुठल्या तारखेला आहे? तुम्हाला रविवार आहे, आजारपणाची रजा आहे, बँक हॉलिडे आहे. त्यांना जे आहे त्याला आपण सुट्टी म्हणतच नाही, खाडा म्हणतो. शब्दातच कापून घ्यायची सोय आहे. महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या ठरवा, दिवाळीला एक पगार, आणि वाढ दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, न मागता. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात 2008 पासून कल्याण मंडळाचा कायदा आहे, मंडळाची अवस्था फार बरी नाही पण नोंदणी झाली तर कागदावर कामगार म्हणून नाव तरी लागतं, त्यांना त्यासाठी एक दुपार मोकळी द्या.

शोषण करता का, तर मी तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार नाही. तुमची ओढाताण खरी आहे. फक्त एक, डबा, औषधं, लोकल, मावशी, एवढ्या मोठ्या मेलमध्ये नवऱ्याचं नाव एकदाही आलेलं नाहीये, मी दोनदा वाचला.

प्रश्न : मुलगा बीकॉम झाला आणि आता डिलिव्हरीचं काम करतो. अॅप त्याला पार्टनर म्हणतं. मागे पाय मोडला तेव्हा पार्टनरने विचारलंसुद्धा नाही, आणि चार मुलांनी मिळून तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी आयडी बंद. मी स्वतः कंपनीत युनियनमध्ये होतो पण इथे मालकच दिसत नाही, भांडायचं कुणाशी? (एक वडील, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : काका, मालक दिसत नाही ही अडचण नवीन नाही. साठच्या दशकात मुंबईच्या बंदरावर आणि बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांना हेच ऐकवलं जायचं. सकाळी याच्या गाळ्यावर, दुपारी त्याच्या ट्रकवर, मग तू नक्की कुणाचा कामगार? कुणाचाच नाही. व्यापारी म्हणायचा माझा नाही, ट्रकवाला म्हणायचा माझा नाही, मधे मुकादम, आणि पाठीचा मणका गेला की घरी जा. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांना उभं केलं, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने डोकं असं लढवलं की मालक एक नसला तर सगळ्यांनाच मालक धरा. हमालाची नोंदणी मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही मंडळाकडे, काम झालं की व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि मजुरीवर काही टक्के लेव्ही वेगळी, त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. कुणाच्या ट्रकवर घाम गाळला याने फरक पडत नाही, मंडळात जमा झाला की तो हिशोबात आला.

आता अॅपकडे तर प्रत्येक ऑर्डरचा मिनिटामिनिटाचा हिशोब आहे, हमालाच्या काळात हिशोब टोळीवाल्याच्या वहीत असायचा. लेव्ही कापणं किती सोपं आहे बघा, बटण दाबायचं काम. राजस्थानने 2023 मध्ये गिग कामगारांचा, म्हणजे अॅपवर काम करणाऱ्यांचा, कायदा केला त्यात बरंचसं हेच आहे, मंडळ, नोंदणी, प्रत्येक व्यवहारावर फी, नंतर कर्नाटकनेही केला. कल्पना महाराष्ट्राची आणि कायदा करणार बाकीचे, ही आपली तऱ्हा. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर 2025 पासून लागू झालीय, तिच्यात अॅप कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के द्यायचे असं आहे, पण मुलाची आयडी एका रात्रीत बंद करू नये याचं उत्तर त्यात सापडत नाही, आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

माथाडीचं सगळं छान चाललंय असंही सांगणार नाही. त्या नावाखाली कारखान्यांच्या गेटवर खंडणी गोळा करणाऱ्या टोळ्या झाल्या, ते खऱ्या माथाडीच्याच पोटावर आलं, कारण आता कायदाच मोडीत काढायला निमित्त मिळालं. तरी मुलाला सांगा चौघांनी तक्रार करू नका, चारशेंनी करा, आणि पत्रावर सह्या गोलाकार करा म्हणजे पहिली कुणाची ते कळत नाही. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या हमालाने शिकवली. बाबा आढाव 2025च्या डिसेंबरमध्ये 95 व्या वर्षी गेले, शेवटपर्यंत आंदोलनात होते, त्यांच्या कष्टाची भाकर केंद्रात मुलगा कधी पुण्यात आला तर जेवायला पाठवा.

प्रश्न : डावे म्हणवता आणि स्मार्टफोन वापरता? (नाव नाही, पाच हसणारे इमोजी आहेत)

उत्तर : हो. हप्ते चालू आहेत, अजून सात राहिलेत.

प्रश्न : घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी मनरेगा बंद करून आणलेल्या नव्या कायद्याविरुद्ध लिहिलं तर मामांनी मला सगळ्यांसमोर अर्बन नक्षल म्हटलं. वर म्हणाले आता जनसुरक्षा कायदा आलाय, जपून राहा. ते सरकारी नोकरीतून रिटायर झालेत, पेन्शन आहे. उत्तर द्यावं की ग्रुप सोडावा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ग्रुप सोडू नका, लग्नाच्या तारखा तिथेच कळतात.

तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. नव्या कायद्यात दिवस 100 चे 125 झाले हे मोठ्या अक्षरात सांगतात, पण आधी अकुशल मजुरीचा सगळा पैसा केंद्र द्यायचं, आता बहुतेक राज्यांना 40 टक्के उचलायचेत आणि पैसे किती ते केंद्र आधीच ठरवणार. पैशाचं भांडं आधीच मोजून दिलं की मागेल त्याला काम यातलं मागेल त्याला गळून पडतं. आणि जनसुरक्षा विधेयक जुलै 2025 मध्ये विधिमंडळात मंजूर झालं तेव्हा विधानसभेत डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी उभं राहून विरोध केला, ते काही तुरुंगात गेले नाहीत, तेव्हा तुम्ही एका मेसेजसाठी घाबरू नका. पण मामा गंमत करतायत असंही समजू नका, संघटना बेकायदेशीर ठरवायचा अधिकार सरकारच्या हातात देणारा कायदा आहे आणि मोर्चा काढणाऱ्या साध्या माणसाच्या मनात तो भीती घालतो, मामांनी नेमका त्यासाठीच वापरला.

आता मामांबद्दल. वय सत्तरीच्या पुढे असेल आणि नोकरी राज्य सरकारची असेल तर डिसेंबर 1977 मध्ये सुरू झालेला राज्य कर्मचाऱ्यांचा संप त्यांना पक्का आठवत असणार. र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली 54 दिवस कचेऱ्या बंद होत्या, केंद्रासारखा महागाई भत्ता हवा म्हणून. तेव्हाही पेपरात लिहून आलं होतंच की यांना काय कमी आहे. लोकांनी पगाराशिवाय दोन महिने काढले, वाण्याची उधारी, बायकोच्या पाटल्या गहाण. आज मामांचा महागाई भत्ता पेन्शनला जोडून येतो तो कुणी ओवाळणीत घातलेला नाही. भांडू नका, ग्रुपवर फक्त प्रेमाने विचारा की मामा, त्या 54 दिवसांत तुम्ही कुठे होतात? मोर्चातला एखादा फोटो असला तर टाकायला सांगा.