उकडलेला दाक्षिणात्य गोड खाऊ हवाय? पिडी कोळुकट्टै करा, पारीच्या नादी लागू नका

तुमचा प्रश्न मला असा समजला: मुलं चार आणि सात वर्षांची. तळलेलं नको, दक्षिणेकडचं काहीतरी गोड आणि उकडलेलं हवं, डब्यातही देता यावं. पारी करून सारण भरायला जमत नाही. व्हिडिओ बघून कोळुकट्टै केली तर वरून चिकट आणि आत रवा कचकचीत राहिला. आणि शेवटी, तांदळाऐवजी नाचणी चालेल का?

पारीचं आधी डोक्यातून काढून टाका. तामिळनाडूत विनायक चतुर्थीला नैवेद्याला करतात ती सारणाची कोळुकट्टै म्हणजे जवळपास आपला उकडीचा मोदकच. उकड तशीच आणि हातही तसाच बसलेला लागतो. पण त्याच घरांमध्ये एरवी, मुलं शाळेतून आली की चार वाजता जी होते ती पिडी कोळुकट्टै. तांदळाचा जाडसर रवा गूळ-खोबऱ्याबरोबर शिजवायचा, गोळा मुठीत दाबायचा आणि वाफवायचा. पाच बोटांचे ठसे उमटलेला लांबट मुटका, हाच तिचा आकार. वाकडा झाला तरी कोणी नाव ठेवत नाही.

आता कचकचीत का झाली ते बघू. शिऱ्यात साखर आधी पडली की रवा फुलायचा थांबतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. इथेही तेच होतं. गूळ पाणी धरून ठेवतो आणि तांदळाच्या कणीला फुलायला पाणी कमी पडतं. बऱ्याच तामिळ घरांत गुळाच्या उकळत्या पाण्यातच रवा वैरतात, आणि ते चुकीचं नाही. पण त्या बायका पाणी सढळ घेतात, आच मंद ठेवतात आणि कणी दाबून बघून अंदाज घेतात. तुम्हाला तो अंदाज अजून नाही. म्हणून आधी साध्या पाण्यात रवा शिजवा, गूळ मागून घाला. परंपरेला थोडा धक्का बसेल, पण कणी कच्ची राहणार नाही.

चिकटपणाचं कारण वेगळं आहे, ते रव्यातच असतं. तुम्ही मिक्सरमधून काढलेला रवा चाळला होता का? रव्यात तांदळाचं पीठ राहिलं की त्याची खळ होते आणि मुटका हाताला, जिभेला, डब्याला चिकटतो. दुसरी शक्यता तांदळाची. इंद्रायणी किंवा नवा आंबेमोहोर भाताला कितीही छान असला तरी इथे नको. जुना कोलम घ्या, किंवा दुकानात मिळते ती साधी कणी.

प्रमाण असं: एक वाटी तांदूळ, दोन टेबलस्पून मूगडाळ, पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी खवलेला ओला नारळ, रव्यासाठी दोन वाट्या पाणी आणि गुळासाठी पाव वाटी वेगळं. शिवाय वेलची, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे तूप. मीठ विसरू नका, त्याच्याशिवाय गूळ नुसताच गोड लागतो. तुपाऐवजी खोबरेल तेल वापरलंत तर चव केरळकडे झुकते. मला ती आवडते, पण सवय नसलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी नको.

गुळाबद्दल एक ताकीद. चिक्कीचा गूळ चुकूनही घेऊ नका, तो गार झाल्यावर आवळतो आणि मुटके चिवट होतात. साधा कोल्हापुरी गूळ उत्तम, जितका गडद तितका चांगला. तिरुनेलवेली-तूत्तुक्कुडी भागात ताडाचा गूळ, म्हणजे करुपट्टी, वापरतात. त्याला किंचित धुरकट, खमंग चव असते. कुठे मिळाला तर घ्या, पण त्याच्यासाठी अडून बसू नका. कोणताही गूळ असो, विरघळवून गाळायचाच. दाताखाली खडा आला की मूल तो पदार्थ पुन्हा तोंडात घेत नाही.

तांदूळ धुऊन पंचावर सावलीत तासभर पसरा. हाताला दमट लागेनासे झाले की कढईत मध्यम आचेवर भाजा; दाणे पांढरेधोप होऊन जरासे फुगतात, तिथे थांबा. तांबूस करायचे नाहीत. मूगडाळ मात्र वेगळी, खमंग वास येईपर्यंत भाजा. दोन्ही गार झाल्यावर मिक्सर थांबत थांबत फिरवा, उपम्याच्या जाड रव्याइतकं बारीक झालं की पुरे. मग चाळा, खाली पडलेलं पीठ घावनात किंवा थालिपिठात जाईल. हा रवा जास्तीचा करून घट्ट डब्यात भरून ठेवला की पुढच्या वेळी निम्मं काम वाचतं. एवढा खटाटोप नको असेल तर बाजारचा इडली रवा घ्या. तो उकड्या तांदळाचा असतो, म्हणून पाणी पाव वाटी जास्त आणि वाफ दोन-तीन मिनिटं जास्त द्या. चालतो, फक्त भाजलेल्या मुगाची मजा त्यात नाही. डाळ वेगळी भाजून भरडून घातलीत तर तीही येते.

जाड बुडाच्या पातेल्यात पाणी, मीठ आणि चमचाभर तूप उकळा. आच मंद करून एका हाताने रवा सोडत दुसऱ्या हाताने ढवळा, गुठळ्या होऊ देऊ नका. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं वाफ येऊ द्या. मग एक कणी बोटात चिरडून बघा. मधे पांढरा ठिपका दिसला तर पाण्याचा हबका मारून पुन्हा झाका. कणी पूर्ण मऊ झाल्याशिवाय गुळाला हात लावायचा नाही. ही एक पायरी सांभाळलीत की पुढे बिघडण्यासारखं फारसं काही उरत नाही.

आता गाळलेलं गुळाचं पाणी, नारळ आणि वेलची घाला. मिश्रण एकदम सैल होईल, घाबरू नका. ढवळत राहिलात की तीन-चार मिनिटांत कडा सोडू लागतं. उरलेलं तूप घाला, आच बंद करा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. गार होताना ते आणखी आळतं, त्यामुळे पातेल्यातच अगदी कोरडं करायचं नाही.

वळायचं काम मुलांना द्या. सात वर्षांचं मूल सहज करेल. चार वर्षांच्याला लिंबाएवढा गोळा देऊन मूठ घट्ट मिटायला सांगा. पण आधी गोळा स्वतःच्या मनगटावर टेकवून बघा. गुळाचा पदार्थ वरून निवला तरी आत बराच वेळ चटका देतो. हाताला तुपाचं बोट लावलं की झालं. मोठ्याचे मुटके आणि धाकट्याचे मुटके ठशांवरून ओळखू येतात, आणि मग स्वतःचा कुठला यावरून भांडणही होतं. ते मी सोडवू शकत नाही.

इडलीपात्र, मोदकपात्र किंवा शिट्टी काढलेला कुकर, काहीही चालेल. पाणी आधी खळखळू द्या, चाळणीला तूप लावा किंवा केळीचं पान टाका, झाकणाच्या आतून फडकं बांधा म्हणजे थेंब पडून ठसे पुसले जाणार नाहीत. रवा शिजलेलाच आहे, दहा मिनिटं वाफ पुरते. गॅस बंद केल्यावर झाकण काढून पाच मिनिटं तसेच राहू द्या. गरम असताना उचलायला गेलात तर बुडाला चिकटून तुटतात.

वळताना मुलांना सांगायला एक खरी गोष्ट: तिरुच्चिराप्पळ्ळीच्या किल्ल्याच्या टेकडीवर उच्चि पिळ्ळैयार हा गणपती आहे, आणि पायथ्याशी माणिक्क विनायगर हा दुसरा. चतुर्थीला दोघांना प्रत्येकी 75 किलोची एकेक कोळुकट्टै दाखवतात, कापडात बांधून वाफवलेली. माझ्या ओळखीतला एक मुलगा हे ऐकल्यापासून तिला चमचा कुठून लावायचा एवढंच विचारतो आहे.

हा हात बसला की पुढे दोन गोष्टी करून बघा. एक म्हणजे कारडै. तामिळ मासी महिना संपून पंगुनी लागतो तेव्हा, साधारण मार्चच्या मध्यावर, कारडैयान नोन्बू या व्रताला करतात. भाजलेलं तांदळाचं पीठ, गूळ, खोबरं आणि शिजवलेली चवळी, थापून मधे भोक पाडून वाफवलेली, वर लोण्याचा गोळा. चवळीमुळे पोटभरीची होते. दुसरी केरळची इला अडा: केळीच्या पानावर तांदळाची उकड थापायची, गूळ-खोबरं पसरायचं, पान दुमडून वाफवायचं. कोकण-गोव्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या करतात, त्याच जातीची. यात पारी वळायची नसते, म्हणून तुम्हालाही जमेल, आणि पान उलगडायचं काम मुलांना फार आवडतं. केरळच्या सीरियन ख्रिस्ती घरांत झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडे, ईस्टरच्या आधीचा रविवार) आदल्या शनिवारी कोळुकट्टा करतात, म्हणजे हा पदार्थ फक्त गणपतीचाच आहे असंही नाही.

डब्याचं: ओला नारळ आणि शिजलेला तांदूळ ही जोडी उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबते. म्हणून सकाळी केलेले मुटके पूर्ण गार करून मधल्या सुट्टीच्या डब्यात द्या, दुपारच्या नको. उरलेले लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. फ्रिजमधून काढल्यावर दगडासारखे लागतील, तांदळाचा तो स्वभावच आहे. पाच मिनिटं पुन्हा वाफवले की मऊ होतात. मायक्रोवेव्हमध्ये कडा वाळतात. बऱ्याच पाककृतींत खोबऱ्याचे बारीक तुकडे घालतात, चवीला छानच लागतात, पण धाकट्यासाठी नारळ खवलेलाच ठेवा. घशात अडकायची भीती नको. आणि गूळ आहे म्हणून हवं तेवढं, असं करू नका. गूळही साखरच, दोन मुटके पुष्कळ झाले.

नाचणी चालते, पण वरच्या कृतीत तांदळाच्या जागी सरळ टाकू नका. नाचणीचं पीठ रव्यासारखं फुलत नाही, खळ होईल. एक वाटी नाचणीचं पीठ कोरडंच मंद आचेवर सहा-सात मिनिटं भाजा. अर्धी वाटी गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळा, उकळी आणा आणि नारळ घातलेल्या पिठावर थोडंथोडं ओता. मूठ मिटली की गोळा टिकेल आणि दाबला तर सुटेल इतपतच ओलं करा, मळायचं नाही. लगेच मुटके करून बारा-पंधरा मिनिटं वाफवा. इथे पीठ कच्चं असतं, म्हणून वेळ जास्त. पहिल्यांदा करताना चार चमचे तांदळाचं पीठ मिसळलंत तर मुटके फुटणार नाहीत.