इंजिनाच्या जुन्या चित्राला 'खोदचित्र' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: १८५०च्या सुमाराच्या एका इंग्रजी साप्ताहिकात रेल्वे इंजिनाचे चित्र आहे, त्याला 'वुड एनग्रेव्हिंग' म्हणतात. मराठीत 'काष्ठखोदचित्र' चालेल का?

माझ्या मते चालू नये. 'खोदचित्र' हा शब्द तांब्याच्या वा पोलादाच्या पत्र्यावरच्या चित्रासाठी राखून ठेवावा. तिथे खोदलेल्या रेषेत शाई भरतात, वरचा भाग पुसून घेतात आणि ओलसर कागद रुळाखाली दाबून ती शाई उचलतात. खोदले ते काळे उमटते. लाकडावर नेमके उलट: खोदले ते पांढरे राहते, उरलेल्या उंचवट्याला शाई लागते. हत्यार दोन्हीकडे एकाच जातीचे, म्हणजे ब्यूरिन ही पोलादी कोरणी, त्यामुळे इंग्रजीत नावही एकच पडले. मराठीत उंचवट्याने छापणाऱ्या वस्तूला 'ठसा' हा चांगला रुळलेला शब्द आहे, तोच घ्यावा.

छापखान्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा. ठसा खिळ्यांच्या (छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या) उंचीचा, म्हणजे साधारण २३.३ मिलिमीटरचा केला की मजकुराबरोबर एकाच चौकटीत आवळता येतो. लंडनचा 'टाइम्स' २९ नोव्हेंबर १८१४ रोजी वाफेच्या यंत्रावर तासाला सुमारे ११०० ताव या वेगाने छापला गेला. असल्या वेगापुढे दर प्रतीला हाताने पुसावा लागणारा पत्रा टिकणे शक्यच नव्हते. १८४२ साली निघालेले 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे सचित्र साप्ताहिक उभे राहिले ते लाकडी ठशांवर.

'वुडकट'लाही आपण लाकडी ठसाच म्हणतो, म्हणून इथे 'आडछेदी' हे विशेषण जोडावे. वुडकट फळीच्या लांब अंगावर सुरीने कापतात. हा ठसा बॉक्सवुड या घट्ट लाकडाच्या झाडाच्या खोडाच्या आडव्या छेदावर कोरतात. तिथे तंतू उभे असल्याने कोरणी कुठेही वळवली तरी कपची निघत नाही. चाकाचे आरे, बॉयलरची गोलाई, धुराचे लोट इतक्या बारीक रेघांत येतात ते यामुळेच.

बॉक्सवुडचे खोड बारीक असते. मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे मागून बोल्टांनी जोडत. घाईच्या कामात सांध्यावरच्या रेघा आधी कोरून घेत, मग तुकडे सोडवून वेगवेगळ्या कारागिरांना वाटत. दमटपणाने लाकूड हलले की सांधा उघडतो आणि छापात पांढरी सरळ रेघ उमटते. तुमच्या चित्रात धूर आणि चाक यांना छेदत अशी रेघ गेलेली दिसली, तर ठसा जोडाचा आहे.

एक बारकावा तळटीप लिहिताना सांभाळा. १८४०नंतर पुष्कळदा मूळ लाकूड यंत्रावर चढवतच नसत. मेणात त्याचा साचा घेऊन, त्यावर ग्रॅफाइट चोळून, विजेने तांब्याचा थर बसवत आणि मागे शिशाचा मिश्रधातू ओतत. छपाई या तांब्याच्या प्रतीवरून होई. म्हणून 'लाकडी ठशाने छापलेले' असे ठामपणे लिहू नये. 'आडछेदी लाकडी ठशाचे चित्र' हे दोन्ही बाबतींत खरे ठरते.