ऑनलाइन एफएनपीसाठी प्रिसेप्टर स्वतःच शोधायचा असेल तर सुरुवात कुठून करायची?

तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स आहात, ऑनलाइन एफएनपीला, म्हणजे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सला प्रवेश घेतलाय आणि कॉलेज म्हणतंय प्रिसेप्टर, म्हणजे दवाखान्यात हाताखाली घेऊन शिकवणारा डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर (एनपी), तुमचा तुम्ही शोधा. मी टेक्सासमध्ये नोकरी सांभाळून हेच केलं, आणि त्यात एक सत्र घालवलं. ते कसं गेलं तेच आधी सांगते.

बालरोगाच्या सत्रासाठी एका मोठ्या हॉस्पिटलच्या क्लिनिकमधली एनपी एप्रिलमध्येच हो म्हणाली. मी निर्धास्त. पण साखरपुडा झाला म्हणजे लग्न लागलं असं थोडंच आहे? कॉलेज आणि ती संस्था यांच्यात ॲफिलिएशन ॲग्रीमेंट, म्हणजे विद्यार्थी तिथे शिकायला पाठवण्याचा करार लागतो, आणि तो त्या बाईंच्या हातात नव्हता. कागद त्यांच्या लीगलकडे गेला, विम्याच्या एका कलमावरून आमच्या कॉलेजकडे परत आला, पुन्हा लीगलकडे गेला. ऑगस्ट उजाडला तरी सही नाही. बाई बिचाऱ्या शेवटपर्यंत हो म्हणत होत्या!

म्हणून कुणाला 'विद्यार्थी घ्याल का' विचारण्याआधी, 'तुमच्याकडे करारावर सही कोण करतं' हे विचारा. ज्यांच्याशी करार आधीच झालाय अशा ठिकाणांची यादी कॉलेजच्या क्लिनिकल कोऑर्डिनेटरकडून मागून घ्या. मागितल्याशिवाय देत नाहीत, निदान मला तरी दिली नव्हती. त्या यादीत काही सापडलं नाही तर छोटे, डॉक्टरच्या किंवा एनपीच्या मालकीचे दवाखाने गाठा. तिथे मालकच सही करतो. माझं बालरोगाचं सत्र शेवटी अशाच एका दवाखान्यात झालं, आणि करार नऊ दिवसांत परत आला. तुम्ही नोकरी करता त्या हॉस्पिटलातही विचारा, फक्त पगाराच्या शिफ्टमधले तास सहसा धरत नाहीत.

नावं कुठून काढायची? सरकारची एनपीआय रजिस्ट्री, म्हणजे डॉक्टर, एनपी वगैरेंची ऑनलाइन यादी, फुकट आहे. पिनकोड टाकायचा, प्रकार फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर निवडायचा, जवळपासची नावं पत्त्यासकट येतात. शिवाय केंद्राच्या अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं, म्हणजे एफक्यूएचसी, विसरू नका. विद्यार्थी त्यांना नवे नसतात. ईमेलला उत्तराची वाट बघू नका. मी एका पानावर कोर्स, तारखा, वार, एकूण तास आणि कॉलेजचा संपर्क लिहून नेत असे आणि थेट ऑफिस मॅनेजरला भेटत असे. सोमवारी सकाळी मात्र जाऊ नका, तेव्हा तिथे जत्रा असते.

नकार मिळाला तर मनाला लावून घेऊ नका. विद्यार्थी सोबत असला की त्यांचे पेशंट मागे पडतात, आणि बहुतेकांना याचा एक डॉलरही मिळत नाही. जॉर्जिया, मेरीलँडसारख्या काही राज्यांत प्रिसेप्टरला करसवलत आहे. एनपीला सर्टिफिकेशनच्या नूतनीकरणात हे तास दाखवता येतात, ते बोलताना जरूर सांगा. पैसे घेऊन प्रिसेप्टर जुळवणाऱ्या कंपन्या मी अगदी शेवटी ठेवेन, आणि तेव्हाही करार फिसकटला तर पैसे परत मिळतील का हे लेखी घेऊन.

क्लिनिकल, म्हणजे प्रिसेप्टरकडच्या प्रत्यक्ष कामाच्या, तासांचा हिशोब आत्ताच मांडा. पूर्वी किमान 500 तास लागत, 2022 च्या राष्ट्रीय निकषांत ते 750 झाले. आठ तासांचा दिवस धरला तर जवळपास 94 दिवस. आठवड्याला दोन दिवस दिले तर 47 आठवडे. शिफ्ट तशा लावून घ्या. शोधाची सुरुवात बालरोग आणि स्त्रीआरोग्यापासून करा, कारण जागा तिथेच कमी. मोठ्यांचं प्रायमरी केअर त्यामानाने लवकर मिळतं.

तुमच्यासाठी एक खास धोका. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये क्लिनिक मिळालं तर हुरळून जाऊ नका. एकाच लायसन्सवर अनेक राज्यांत काम करू देणाऱ्या नर्सिंग कॉम्पॅक्ट या करारात न्यूयॉर्क नाही, त्यामुळे तिथलं वेगळं आरएन लायसन्स लागेल. शिवाय बाहेरच्या राज्यातल्या कॉलेजला तिथे क्लिनिकलसाठी त्या राज्याच्या शिक्षण खात्याची मंजुरी लागते, आणि ती बऱ्याच ऑनलाइन कॉलेजांकडे नसते. कॉलेजला आधी विचारा.

कागदपत्रांत सीपीआर, पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट वगैरे आलंच. आपल्यासारख्यांचा घोळ टीबीच्या तपासणीत होतो. लहानपणीच्या बीसीजीमुळे कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि पुढची धावपळ. थेट क्वांटिफेरॉन ही रक्ताची चाचणी करून घ्या, बीसीजीने ती बिघडत नाही. गोवर, कांजिण्यांच्या लसींसाठी मी आईकडून डोंबिवलीहून जुनं कार्ड फोटो काढून मागवलं होतं. त्यावरचं डॉक्टरांचं अक्षर इथल्या कुणालाच लागेना, मलाही नाही. शेवटी रक्तातल्या अँटीबॉडी तपासून टायटरचा रिपोर्ट दिला, तेव्हा काम झालं.