नवलकोलचे मायक्रोग्रीन्स: पाणी कमी घाला आणि बी बघून आणा

नमस्कार मंडळी. गेल्या दोन-तीन आठवड्यांत नवलकोलच्या मायक्रोग्रीन्सबद्दल (म्हणजे बी दाट पेरून ८-१२ दिवसांत कापून कच्ची खायची कोवळी रोपं) बरेच प्रश्न आलेत, ऐरोलीच्या एका ताईंनी ट्रेचा फोटो पाठवलाय की पांढरी बुरशी आलीय काय करू, घणसोलीचे काका विचारतायत बी कुठलं आणू, शहापूरच्या एका शेतकरी दादाला हा माल करून वाशीला पाठवायचाय, आणि कोलशेतहून विचारलंय की थायरॉईडवाल्यांनी खावं का. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा एकत्रच लिहितो, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी काकांचं, कारण सगळ्यात जास्त घोळ बियाण्यातच होतो. कृषी सेवा केंद्रात नवलकोलचं जे १० ग्रॅमचं पाकीट मिळतं ते शेतात लावायचं बी असतं, त्याला बहुतेक वेळा थायरमसारखं बुरशीनाशक लावलेलं असतं आणि ओळखू यावं म्हणून गुलाबी, निळा, हिरवा असा रंग दिलेला असतो. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं की खाण्यासाठी, जनावरांसाठी, तेलासाठी वापरू नये, पण ते वाचतो कोण. मी स्वतः एका दुकानात विचारलं तर काउंटरवरचा म्हणतो, "साहेब दोन पाण्यात धुऊन घ्या, काही होत नाही." होतं हो. शेतात ते बी लावून अडीच-तीन महिन्यांनी गड्डा खाणं वेगळं आणि १० दिवसांत तेच रोप कच्चं तोंडात घालणं वेगळं. धुऊन रंग जाईल, औषध पूर्ण जाईल असं समजू नका. तेव्हा मागताना सरळ म्हणा, "मायक्रोग्रीन्ससाठी, औषध न लावलेलं बी द्या," आणि हायब्रीड नको, साधं वाण चालतं, ते ५०-१०० ग्रॅमच्या पाकिटात स्वस्त पडतं. जांभळ्या देठाचं हवं असेल तर पर्पल व्हिएन्ना, हिरवं हवं असेल तर व्हाइट व्हिएन्ना. चवीत फार फरक नाही, जांभळं ताटात दिसायला भारी दिसतं एवढंच.

आणि एक प्रामाणिक सल्ला, पहिल्यांदाच करत असाल तर नवलकोलने सुरुवात करू नका. मुळा किंवा मोहरी घ्या, बी स्वस्त, चुकलं तरी जीव हळहळत नाही. दोन ट्रे नीट जमले की मग नवलकोल. तो का करायचा तर त्याला मुळ्यासारखा झणका नाही, कोवळ्या कोबीसारखी गोडसर चव असते, पोरं कटकट न करता खातात. (तसा नवलकोल कोबीचाच सख्खा भाऊ, कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली सगळी एकाच जातीची पिलावळ.)

आता पद्धत. अर्धा किलो मिठाईचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाला तापवलेल्या सुईने १०-१२ भोकं पाडा, आणि तो दुसऱ्या बिनभोकाच्या डब्यात ठेवा. आत दीड इंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ते आधी दोन-तीन पाण्यात धुऊन घट्ट पिळून घ्यायचं कारण त्यात खारटपणा असतो. मुठीत दाबलं तर एखाद-दुसरा थेंब पडला पाहिजे, धार लागली तर जास्त ओलं आहे. त्यावर एक चहाचा चमचा बी, म्हणजे साधारण ४ ग्रॅम, सारखं भुरभुरायचं. भिजत घालायची गरज नाही, नवलकोलचं बी तसंच पेरतात. वरून माती, कोकोपीट काही टाकायचं नाही, फक्त स्प्रेने हलकं पाणी, मग वर तसाच एक रिकामा डबा ठेवून त्यात अर्धा-एक किलोचं वजन, आमच्याकडे तांदळाची पिशवी असते. वजनाने मुळं खाली घुसतात आणि रोपं सरळ एकसारखी उठतात. दोन-तीन दिवसांत मोड आले की वजन काढा, आणखी एक-दोन दिवस अंधारात ठेवा म्हणजे देठ उंच होईल, मग उजेडात आणा. पिवळी पानं बघून घाबरू नका, उजेडात आल्यावर काही तासांत हिरवी व्हायला लागतात. साधारण ८ ते १२ दिवसांत दोन पानं पूर्ण उघडली की कात्रीने कोकोपीटच्या वरून अर्धा इंच सोडून कापा. एका डब्यातून ३०-४० ग्रॅम निघतं, जास्त अपेक्षा ठेवू नका. आणि कापल्यावर पुन्हा फुटत नाही, वाट बघत बसू नका, शेंडाच कापलेला असतो.

आता ऐरोलीच्या ताई. तुमचा फोटो झूम करून बघितला, ती बुरशी नाहीये. मुळाला बारीक पांढरी लव असते, ती प्रत्येक रोपाच्या बुडाशी गोल चवरीसारखी दिसते. टेस्ट सोपी, त्यावर स्प्रे मारा, लव असेल तर पाणी लागताच चिकटून दिसेनाशी होते, सुकलं की पुन्हा दिसते. बुरशी असेल तर ती रोपा-रोपातून कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, स्प्रे मारला तरी जात नाही आणि वास येतो. पण ताई, तुमच्या फोटोत मला दुसरंच काही दिसलं, खालच्या डब्यात बोटभर पाणी साचलंय. लव ही तक्रार नव्हतीच, हे पाणी चार दिवसांत तक्रार होणार आहे. रोप बुडाशी तपकिरी होऊन बारीक दोऱ्यासारखं होतं आणि आडवं पडतं, शेतकऱ्यांना सांगायला नको, नर्सरीत आपण ज्याला मर म्हणतो तीच ही. एकदा लागली की त्यावर औषध मारायचं नाही कारण खायचंय, तो डबा सरळ फेकायचा, आणि डबा पुन्हा वापरायचा तर साबणाने घासून उन्हात वाळवायचा.

आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत खरं युद्ध हेच आहे, दमट हवा. यूट्यूबवर जे बघता ते कुठल्यातरी थंड कोरड्या गावातलं असतं, तो म्हणतो दिवसातून दोनदा स्प्रे मारा आणि आपण जुलैत तेच करतो. जुलैत भिंतीला पाणी सुटतं इथे. मी पण केलंय, लपवत नाही, पहिल्या पावसाळ्यात ओट्यावर डबा ठेवला, रोज प्रेमाने पाणी मारलं, पाचव्या दिवशी बायको म्हणाली बेसिन तुंबलंय का बघा. बेसिन नव्हतं तुंबलं. तेव्हापासून नियम असा: रोपं उजेडात आली की वरून पाणी बंद, खालच्या डब्यात पाव कप पाणी ओतायचं, १० मिनिटांनी उरलेलं ओतून टाकायचं. डबा उचलून बघायचा, जड लागला तर आज पाणी नाही. पावसाळ्यात बी पाऊण चमचाच घ्यायचं, दाटी झाली की हवा जात नाही. आणि टेबलफॅन स्लोवर, थेट अंगावर नाही, बाजूने. वजन काढल्यापासून कापेपर्यंत चालू राहिला तरी हरकत नाही. सगळ्यात बिनघोर सीझन म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात नवलकोलला सोसत नाही, करायचंच असेल तर माठाशेजारी, फरशीवर.

बाल्कनीत ठेवणार असाल तर कबुतरं. यावर वेगळं काय सांगू, नेरुळ ते घोडबंदर सगळीकडे तोच त्रास. ग्रिलवर बसलेल्या कबुतराची विष्ठा कच्च्या खायच्या ट्रेत नको, म्हणून जाळी लावा नाहीतर सरळ खिडकीच्या आत ठेवा. उजेड कमी असेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब ट्रेच्या वर वीतभर उंचीवर १२ तास, पुरेशी आहे. ती गुलाबी महागडी लाइट लागत नाही.

तीन-चार शेतकऱ्यांनी विचारलंय जीवामृत, शेणखत, गांडूळखत घालू का. नाही. शेतात घाला, मी स्वतः सांगतो घाला, पण इथे नको. १० दिवसांचं रोप बियातल्याच साठ्यावर जगतं, त्याला खत लागत नाही, आणि कच्चं खायच्या वस्तूजवळ शेण, गोमूत्र आणायचं नाही. मोड आलेल्या कडधान्यासारखं मुळासकट खाऊ का, असंही एकाने विचारलंय. नको, मुळं आणि बियांची सालं ओलाव्यात राहिलेली असतात, जंतू तिथेच वाढतात. वरून कापून खाल्लं की धोका बराच कमी.

खाण्याबद्दल. व्हॉट्सॅपवर फिरतंय की मायक्रोग्रीन्समध्ये ४० पट व्हिटॅमिन, शुगर जाते, कॅन्सर जातो. त्या आकड्यामागे २०१२ चा एक अमेरिकन अभ्यास आहे, २५ प्रकारचे मायक्रोग्रीन्स तपासले होते, जांभळा नवलकोलही त्यात होता, आणि मोठ्या पानांच्या मानाने काही व्हिटॅमिनं ४ ते ४० पट निघाली. पण ती तुलना ग्रॅमला ग्रॅम. आपण भाजी खातो पाव किलो आणि हे भुरभुरतो मूठभर. त्यामुळे कोथिंबिरीसारखं खा, औषधासारखं नको. कापल्यावर लगेच गार पाण्यात धुवा, पिठलं-भातावर, थालिपिठावर लोण्याबरोबर, किंवा दही, दाण्याचं कूट, मीठ, साखर घालून कोशिंबीर, फोडणी मात्र गार करून घाला नाहीतर लगेच लिबलिबीत होतं. शिजवू नका, गंमतच जाते. ठेवायचं असेल तर न धुता, डब्यात कोरडा टिश्यू घालून फ्रीजमध्ये, चार-पाच दिवस राहतं.

कोलशेतच्या ताईंना, थायरॉईड असेल तर कोबीवर्गातलं कच्चं रोज भरपूर खाऊ नये, आठवड्यातून दोन-तीनदा चिमूटभर खाल्लं तर सहसा अडचण नाही, तरी तुमच्या डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, वॉरफरिन किंवा असिट्रोमसारख्या, तर मात्र आधी विचारा आणि मगच खा, कारण यात व्हिटॅमिन के असतं आणि त्याने गोळीचा हिशेब बदलतो.

शहापूरचे दादा, तुमचा उत्साह आवडला पण हा वाशी मार्केटला गोणीत जाणारा माल नाही. सकाळी कापलेला दुपारी विकला गेला पाहिजे, नाहीतर फ्रीज. आधी गिऱ्हाईक, मग ट्रे. ठाण्यात-मुलुंडला चार-पाच हॉटेलं, दोन सोसायट्या बोलून ठेवा, आसनगावहून सकाळच्या लोकलने बर्फाच्या पेटीत डबे आणता येतील का बघा, एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा खात्याची) नोंदणी करून घ्या, आणि पहिला महिना १० ट्रेच्या वर जाऊ नका. तुमच्याकडे लाइट किती जाते ते तुम्हाला माहीत, पंखा बंद पडला की दमट हवेत वर लिहिलेली मर लागते.

राहिला घणसोलीच्या काकांचा दुसरा प्रश्न, यातलीच रोपं ठेवून गड्डे येतील का. येतील की, पण बी पेरून दाटीत उंच केलेली रोपं कमजोर असतात, त्यापेक्षा त्याच पाकिटातलं १०-१५ बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वेगळं टाका, तीन-चार आठवड्यांनी एकेक रोप वीतभर अंतरावर लावा, लावल्यापासून ५०-६० दिवसांत गड्डा. टेनिस बॉलएवढा झाला की काढा, जास्त ठेवलात तर लाकूड होतं. पानं फेकू नका, त्यांची मुगाची डाळ घालून भाजी छान होते.

पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा ट्रेचा वरचा एक आणि खालच्या डब्याचा एक, असे दोन पाठवा.